अहमदाबादचे जज्ज गोपाळराव

लोकहितवादी म्हटले की आपल्याला 'शतपत्रे' आठवतात आणि गाडी तिथेच थांबते. शाळेच्या पुस्तकात तेवढेच होते ना! पण गोपाळ हरि देशमुखांचा (1823-1892) पोटापाण्याचा उद्योग होता न्यायखात्यातला, आणि त्यातली बरीच वर्षे गुजरातेत गेली. सुरत-चलथाणकडच्या मराठी माणसाने तरी ही बाजू बघायला हवी.

घराणे मूळचे सिधये. देशमुखी वतनामुळे आडनाव देशमुख पडले. वडील हरिपंत हे बापू गोखल्यांचे फडणीस. 1818 च्या फेब्रुवारीत बापू अष्टीच्या लढाईत पडले, पेशवाई बुडाली, आणि पाच वर्षांनी पुण्यात गोपाळरावांचा जन्म झाला. ज्या इंग्रजांमुळे घराचा आधार गेला, त्यांचीच नोकरी या मुलाच्या वाट्याला आली. सरकारी भाषांतरकार म्हणून सुरुवात, 1852 मध्ये वाईला मुन्सफ. त्याआधीच, पंचविशीत, 'प्रभाकर' साप्ताहिकात 1848 ते 1850 या काळात त्यांनी 'लोकहितवादी' या टोपणनावाने 108 पत्रे लिहिली होती. सरकारी नोकराला टोपणनाव सोयीचेच.

1856 मध्ये ते इनाम कमिशनवर गेले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग हाच. 1852 च्या 11 व्या कायद्याने या कमिशनला इनामांच्या सनदा तपासायचा अधिकार दिला होता. कागद दाखवा, नाहीतर जमिनीवर सारा बसणार. पिढ्यान्‌पिढ्या बिनसाऱ्याने जमीन खाणाऱ्या घरांत यामुळे हाहाकार उडाला. 1857 च्या दक्षिणेतल्या असंतोषाचे हे एक कारण मानले जाते. स्वतः वतनदाराच्या घरातला माणूस त्या यंत्रणेत बसला होता. कुणी त्यांना सरकारधार्जिणे म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. आयते खाऊन बसलेल्या वर्गावर त्यांनी पत्रांतून कोरडे ओढलेच होते, तेव्हा हे काम त्यांच्या विचारांच्या अगदी उलट नव्हते. तरी ज्यांची इनामे गेली, त्यांच्या घरात त्यांचे नाव कसे घेतले गेले असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता अहमदाबाद. मराठी मुलूख आणि गुजरात दोन्ही मुंबई इलाख्यात, म्हणून पुण्याचा माणूस इथे बदलीवर येऊ शकत होता. (त्याच काळात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जात. आपल्याकडे हुकूम आला की बोजाबिस्तरा बांधायचा.) 1867 मध्ये ते अहमदाबादला स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले. हे कोर्ट म्हणजे लहान रकमांचे दावे झटपट निकालात काढायची जागा. 1865 च्या कायद्याप्रमाणे साधारण 500 रुपयांपर्यंतची देणी, उधारी, नुकसानभरपाई इथे चालायची. निकाल जवळपास अंतिम, नेहमीसारखे अपील नाही. म्हणजे हिशोब बघून कुणाचे खरे, ते एकट्या जज्जाने ठरवायचे. हायकोर्टाचा थाट इथे नाही, पण सामान्य माणसाला सरकार भेटायचे ते अशाच खोलीत.

कोर्ट सुटल्यावर गोपाळराव मराठी वस्तीपुरते राहिले नाहीत. गुजराती-इंग्रजी 'हितेच्छु' साप्ताहिकाला त्यांनी हातभार लावला. 1871 मध्ये भोळानाथ साराभाईंनी अहमदाबादला प्रार्थना समाज काढला. त्या सुधारक मंडळींत त्यांची ऊठबस होती. 1874 च्या अखेरीस स्वामी दयानंद अहमदाबादला आले, तेही त्यांच्याच बोलावण्यावरून. 'शतपत्रां'त ब्राह्मणांना झोडपणारा हा माणूस वेदांकडे परत चला म्हणणाऱ्या संन्याशाला बोलावतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. मूर्तिपूजेवरची टीका दोघांची एकच होती, हे लक्षात घेतले की कोडे बरेचसे सुटते.

पुढे नाशिकला जॉइंट सेशन्स जज्ज, 1879 मध्ये निवृत्ती, काही काळ रतलामची दिवाणगिरी. आणि मग 1885 मध्ये त्यांचा 'गुजराथ देशाचा इतिहास' मराठीत छापून आला, पाठोपाठ 1891 मध्ये सौराष्ट्राचा. बदलीवर आलेले अधिकारी पुष्कळ. बदली झाल्यावरही त्या मुलखाचा इतिहास आपल्या भाषेत लिहायला बसणारे थोडे. 'शतपत्रां'च्या आवृत्त्या निघत राहिल्या, ही दोन पुस्तके मात्र इथल्या मराठी घरांत फारशी दिसत नाहीत.