विजेरीतला बल्ब आणि पुन्हा भरता येणारा सेल : एका जोडीचा इतिहास

आमच्या निपाणीकडे विजेरीला कुणी विजेरी म्हणत नाही, टॉर्चही म्हणत नाहीत. तिला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात घालतात ते 'सेल'. येलहंक्यात पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवताना मला हा शब्दांचा घोळ दरवेळी आठवतो, कारण या विषयाचा सगळा इतिहास त्या घोळातच आहे. दिवा आणि त्याला वीज देणारा घट या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे एकमेकांशी जमावे लागते, हे वापरणाऱ्याच्या ध्यानात फार उशिरा येते.

सुरुवातीला हे जमतच नव्हते. डेव्हिड मिझेल यांना नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे अमेरिकन पेटंट जानेवारी १८९९ मध्ये मिळाले. त्या वेळचा तंतू कार्बनचा, म्हणजे भरपूर वीज खाऊन थोडा उजेड देणारा. कोरडे जस्त-कार्बन घट सलग प्रवाह देताना लवकर दमत. म्हणून बटण क्षणभर दाबायचे, सोडायचे आणि घटाला विसावा द्यायचा. इंग्रजीत या वस्तूच्या नावात 'फ्लॅश' आहे तो यामुळेच. १९१० च्या आसपास कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार काढण्याची रीत बसवली आणि विजेरी खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली. भारतात एव्हरेडीची कंपनी १९३४ मध्ये कोलकात्यात स्थापन झाली. पुढे तीच युनियन कार्बाइड इंडिया झाली. भोपाळचा कारखाना आणि घराघरातले लाल सेल एकाच कंपनीचे होते, हे आजच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

पुन्हा भरता येणारा घट आणि जोरकस बल्ब यांची पहिली नीट जमलेली जोडी घरात नव्हे, खाणीत दिसते. १९१४ मध्ये एडिसन यांनी आपला निकेल-लोह घट कंबरेला आणि दिवा टोपीला अशी रचना खाणकामगारांसाठी तयार केली. पुढे अनेक देशांत खाणीच्या टोपीदिव्यांत शिसे-आम्लाचे दोन घट आले : एकूण ४ व्होल्ट, आणि बल्ब साधारण १ अँपिअरचा. विदर्भातल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत 'लॅम्प रूम' असते. पाळी संपली की दिवा तिथे जमा करायचा, तो चार्जिंगला लागतो, पुढच्या पाळीला पुन्हा घ्यायचा. माझ्या मते ही जोडी टिकली ती रसायनापेक्षा या खोलीमुळे. घट वेळेवर भरणारा माणूस नेमलेला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडे गणित. टंगस्टनच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो आणि आयुष्य साधारण १३ व्या घाताने घटते. हे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरतात. तीन सेलच्या विजेरीत ३.८ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब असे. कोऱ्या कोरड्या सेलचे प्रत्येकी १.५ धरून ४.५ व्होल्ट होतात, मग बल्ब ३.८ चा का? कारण सेलचा अंतर्गत रोध. भार लागला की व्होल्टेज खाली येते, आणि बल्ब बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेले असते.

निकेल-कॅडमियमचा घट स्वीडनच्या युंगनर यांनी १८९९ मध्येच शोधला होता. पण तो पूर्ण बंदिस्त, म्हणजे हातात उलटासुलटा धरता येईल असा झाला १९४७ च्या सुमारास. त्याचे व्होल्टेज १.२. म्हणून दुकानदार सांगत, 'यावर बॅटरी मंद लागते.' हिशेब करून पाहा. तीन घटांचे ३.६ व्होल्ट, ३.८ च्या बल्बवर उजेड सुमारे ८३ टक्के. डोळ्याला हा फरक जेमतेम कळतो. उलट वापरात कोरडे सेल उतरत ३ व्होल्टवर आले की उजेड ४५ टक्क्यांवर येतो, आणि निकेल-कॅडमियम मात्र जवळजवळ शेवटपर्यंत आपल्या पातळीवर टिकतो. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे पहिल्या काही मिनिटांपुरतेच खरे होते. हॅलोजन बल्ब १९५९ नंतर आले, आणि विजेरीत अर्धा-पाऊण अँपिअर ओढणारे छोटे बल्ब बसू लागले तेव्हा तर कोरड्या सेलचा टिकावच लागेना. तिथे कमी अंतर्गत रोधाचा घटच हवा.

पण कमी रोधाची दुसरी बाजू आहे. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या साधारण दहावा भाग असतो. बटण दाबताच प्रवाहाचा झटका बसतो. कोरडा सेल स्वतःच्या रोधाने तो झटका शोषतो, निकेल-कॅडमियम शोषत नाही. त्यातून कुणी ३.८ चा बल्ब ताज्या भरलेल्या शिसे-आम्लाच्या ४.२ व्होल्टवर लावला, तर उजेड सुमारे ४० टक्के वाढतो आणि आयुष्य पाव होते. 'काय लख्ख पडतोय' म्हणेपर्यंत बल्ब उडतो.

घरगुती वापरात निकेल-कॅडमियम फारसा रुजला नाही, याचे कारण व्होल्टेज नव्हे. तो नुसता ठेवला तरी आपोआप उतरतो. उशाशी महिनाभर पडलेली विजेरी ज्या रात्री साप दिसतो त्या रात्री लागलीच पाहिजे. ते काम कोरडा सेल करत होता, आणि अगदीच उतरला तर लोक त्याला उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवत.

मग पांढरा एलईडी आला. नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी १९९३ चा, पांढरा त्यानंतर तीनेक वर्षांनी. त्याला पुऱ्या उजेडासाठी सुमारे ३ ते ३.४ व्होल्ट लागतात, त्याखाली तो झपाट्याने मंदावतो. दोन निकेल घटांचे २.४ व्होल्ट कमी पडतात, तर शिसे-आम्लाचे ४ व्होल्ट बरोबर वर बसतात. म्हणून आपल्या बाजारात ४ व्होल्टच्या शिसे-आम्ल विजेऱ्यांचा पूर आला. त्या सर्वांत जास्त घेतल्या शेतकऱ्यांनी. महाराष्ट्रात शेतीपंपांना आठवड्याच्या पाळीने दिवसा आणि रात्री वीज देण्याची पद्धत आहे. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला, उसात दारे धरायला अंधारात जावे लागते. जुन्नर भागात त्याच उसात बिबट्या असतो.

आणि याच विजेऱ्या वर्षभरात मरत. आमच्या प्रयोगशाळेत मुलांनी घरून आणलेल्या अशा सात बंद विजेऱ्या उघडल्या. पाचांत घट ३ व्होल्टच्याही खाली, एक फुगलेला. एलईडी सगळे शाबूत. घट ठरावीक पातळीखाली गेल्यावर दिवा तोडणारे मंडल एकातही नव्हते. शिसे-आम्ल घट रिकामा पडून राहिला की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि तो पुन्हा भरत नाही. एलईडी मंद होत होत मिणमिणत राहतो, शेतकरी ती तशीच कोपऱ्यात ठेवतो, पुढची रात्रपाळी आठवड्याने येते. खाणीत लॅम्प रूम होती, इथे नव्हती.

चार्जिंगचेही तसेच. ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी मुख्य विजेच्या मार्गात फक्त एक कपॅसिटर. १ मायक्रोफॅरडचा असेल तर २३० व्होल्टवर सुमारे ७० मिलिअँपिअर मिळतात, काम होते. पण विजेरीच्या आतला भाग थेट मुख्य विजेशी जोडलेला राहतो. प्लगमध्ये असताना फुटक्या डब्याला ओला हात लागला तर काय होईल हे विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. माझ्या एका मामांना असा झटका बसला, ते वाचले.

सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेला लिथियम-आयन घट आज या जागी आला आहे. ४.२ पासून सुमारे ३ पर्यंत उतरणारा हा घट आणि ३ व्होल्टच्या आसपास पेटणारा एलईडी यांची जोडी आजवरची सर्वांत नैसर्गिक. मात्र तो ४.२ च्या वर भरला तर धोका, फार खाली उतरवला तर नाश. म्हणून सोबत संरक्षक मंडल असावेच लागते. प्रयोगासाठी : बाजारातली कोणतीही स्वस्त लिथियम विजेरी घ्या, ती आपोआप बंद होते तेव्हा घटाचे व्होल्टेज मोजा, आणि तो आकडा २.५ च्या खाली असेल तर ती घरी शेतावर पाठवू नका.