किनाऱ्यापर्यंतचं शेवटचं अंतर

जयगडसारख्या कोकणातल्या बंदरावर आगबोटीने येणारा चाकरमानी बोट थांबली म्हणून घरी पोचत नसे. पुढे किनाऱ्यापर्यंत नेणारा पडाव (छोटी होडी) असायचा, मग पायवाट. याच वाटेने कोकणाने मुंबईच्या गिरणगावाला माणसं पुरवली आणि शहरातली व्यसनंही याच वाटेने गावी आली. व्यसनमुक्तीच्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर आपण बहुतेक वेळा बोटीचाच विचार केला, पडावाचा नाही.

पहिला भरवसा कायद्यावर होता. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत दारूबंदी आली, 1949 मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. कायदा माल दुर्मीळ करतो, पण तलफ तशीच राहते. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द (ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन) पसरली, तेव्हा उपचारांची गरज उघड झाली. डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केलं, त्यासाठी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत केली. शरीरातलं विष उतरवण्यावर तिथलं काम थांबलं नाही. समुपदेशन, दिनचर्या, घरी गेल्यावरचा पाठपुरावा आणि पत्नींचा आधारगट हे सगळं उपचारातच धरलं गेलं.

पुराव्याचा कौलही याच बाजूने आहे. गर्द नुसती तोडली, तर बहुतेक जण पुन्हा तिच्याकडे वळतात. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून जुनीच मात्रा जीव घेते. उलट गर्दची तलफ भागवणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं नियमित घेणाऱ्यांत मृत्यू ठळकपणे घटतात. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. दारूसाठी ही औषधं लागू नाहीत. तिथे मित्रगटांची सोबत मोलाची ठरते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मित्रगटांच्या वाटेने नेणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्यात इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचं 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं.

‘मेथाडोनसारखं औषध घेणं म्हणजे तर एक व्यसन सोडून दुसरं धरणं,’ असा आक्षेप घेतला जातो. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत औषध घेणारा माणूस कामावर जातो, कुटुंबात राहतो. गर्द त्याच्याकडून नेमकं हेच हिरावून घेते. ‘इच्छाशक्ती हवी’ हेही खरं, पण मधुमेह्याला आपण केवळ इच्छाशक्तीवर सोडत नाही. म्हणून केंद्रातून किती जण बरे होऊन बाहेर पडले, हा हिशेब अपुरा आहे. वर्षभराने किती जण टिकले आणि घसरलेल्यांना परत दार उघडं होतं का, हे विचारायला हवं. पुण्या-मुंबईत उपचार घेऊन जयगडला परतणाऱ्या माणसाला औषध, समुपदेशक आणि गट गावाजवळच मिळायला हवेत. त्याचा पडाव तोच.