लोणारच्या विवरात मावणारी सूर्यमाला

१/५ बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केली. लोककथेनुसार येथे विष्णूने लवणासुराचा वध केला. सभोवार काळा बेसॉल्ट पाहून अनेक भूशास्त्रज्ञांनी मात्र हे ज्वालामुखीचे मुख मानले.

२/५ आकाशातून पाषाण कोसळून हे विवर झाले, हे पटणे सोपे नव्हते. कारण सूर्यमाला जवळजवळ रिकामी आहे. किती रिकामी?

३/५ नेपच्यूनच्या कक्षेपर्यंतची सूर्यमाला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात बसवून पाहू. मध्यभागी फुटबॉलहून किंचित मोठा सूर्य. तेथून ३० मीटरवर बाजरीच्या दाण्याएवढी पृथ्वी. आणि थेट काठावर काबुली हरभऱ्याएवढा नेपच्यून.

४/५ प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. या प्रतिकृतीत मात्र तो मुंगीच्या चालीने, सेकंदाला ६ सेंटिमीटर सरकेल! बाजरीच्या दाण्यापर्यंत ८ मिनिटे २० सेकंद, तर काठापर्यंत ४ तासांहून अधिक.

५/५ एवढ्या पोकळीत एका पाषाणाने तो दाणा गाठला. १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील खडकांत प्रचंड आघाताने काच बनलेले स्फटिक दाखवून दिले; असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. आघाताचा काळ मात्र आजही वादात आहे: एका मापनानुसार सुमारे ५२ हजार वर्षे, दुसऱ्यानुसार सुमारे ५ लाख ७० हजार. अवकाश अफाट आहे, पण काळही अफाट आहे. म्हणूनच दुर्मीळ टक्करही कधीतरी घडतेच.