हा नांगर किती बैलांचा?

नांगराचा इतिहास आपल्याला शोधांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. अमेरिकेत जॉन डिअरने १८३७ मध्ये पोलादी नांगर केला, आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, पुढे ट्रॅक्टर आला, संपलं. पण शेतकऱ्याने नांगर विकत घेताना 'हा कोणी शोधला' असं कधी विचारलेलं नाही. त्याचा प्रश्न एकच असतो: हा माझ्याच्याने ओढवेल का? माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या प्रश्नावर उभं आहे. आज ते शक्य तितक्या साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

सुताराच्या डोक्यातलं माप

सुरुवात आपल्या आसपासच्या शेतीपासून करू. डोंबिवलीच्या पूर्वेला मलंगगडाच्या दिशेने गेलं की इमारतींच्या मधे अजून भाताची खाचरं दिसतात. या खाचरांत पिढ्यान्‌पिढ्या हलका लाकडी नांगर चालला, ओढायला लहान चणीचे बैल किंवा रेडे. हा नांगर माती उलटी करत नाही, नुसती चिरतो आणि ढवळतो. आपल्याला तो मागासलेला वाटतो, पण खाचराला तेच हवं असतं. भाताला पाणी उभं राहावं लागतं, आणि ते धरून ठेवतो चिखलाखालचा घट्ट थर. खोल जाणारा नांगर तो थर फोडणार, आणि मग पाणी खाली निघून जाणार.

महत्त्वाचं म्हणजे हा नांगर गावातलाच सुतार करायचा, बलुत्यावर. बैल केवढे, जमीन कशी, हे त्याला माहीत असायचं. हळस किती लांब ठेवायची, फाळ किती तिरपा बसवायचा, हे तो त्या अंदाजाने ठरवायचा. म्हणजे नांगर आणि ओढणारा यांची जुळणी नांगर घडतानाच होऊन जायची. त्यासाठी वेगळा खर्च नव्हता आणि वेगळी डोकेफोडही नव्हती.

लोखंड आलं तेव्हा

किर्लोस्करांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. लोखंडाने जमिनीत विष पसरतं असा शेतकऱ्यांचा समज होता, म्हणून पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. ही गोष्ट सांगताना शेतकरी अडाणी आणि कारखानदार द्रष्टा अशी वाटणी आपोआप होते. पण ही भीती काही एकट्या दख्खनची नव्हती. चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये अमेरिकेत ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांबद्दलही हेच सांगितलं जातं: लोखंडाने माती नासते म्हणून ते घेईनात.

पुढे हा नांगर दख्खनच्या भारी जमिनीत रुजला, त्याला ठोस कारण होतं. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात, लाकडी नांगराला त्या दाद देत नाहीत. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला तशी खोल नांगरटीची गरजही वाढली. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायला १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. मराठी घराघरात पोचलेलं 'किर्लोस्कर' मासिक यातूनच पुढे आलं. मराठी साहित्याच्या इतिहासात नांगराला एवढी जागा तरी द्यायला हरकत नाही!

तरीही एक प्रश्न उरतोच. शेतकऱ्याची सगळी शंका विषापुरतीच होती का? थोडं गणित करून बघू.

गणित

नांगराला लागणारी ओढ साधारण तीन गोष्टींवर ठरते: तासाची रुंदी, खोली आणि मातीचा चिवटपणा. ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तास काढायचा तर मातीच्या कापाचं क्षेत्रफळ होतं ४५० चौरस सेंटिमीटर. भारी काळ्या मातीत दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे ०.७ किलो ओढ धरू. एकूण झाली ३१५ किलो.

आता बैल. दिवसभर काम करायचं तर बैल आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश ओढ देतो. ४०० किलोचे दोन चांगले बैल धरले तर जोडीची ओढ ८० किलो. म्हणजे वरच्या नांगराला चार जोड्या, आठ बैल लागले. त्यातही जोड्या वाढल्या की ते सगळे एका दमात ओढत नाहीत, थोडी ताकद वाया जाते ती वेगळीच.

आठ बैल कोणाकडे होते? हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलेली दिसते. (आज तिथे टॉवर आहेत, ते डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको.) सात एकरवाल्याकडे एक जोडी असली तरी खूप. म्हणजे नांगर चांगला असूनही एकट्याला पेलणारा नव्हता. विषाच्या भीतीमागे हे साधं गणितही असणार असं माझं म्हणणं आहे.

यावर गावाकडे उपाय होता आणि तो लोखंडाच्या आधीपासूनचा होता. इर्जिक घालायची म्हणजे एका दिवशी भावकीने, शेजाऱ्यांनी आपापली औतं-बैलं घेऊन एकाच्या शेतात यायचं, मोबदला म्हणून पोटभर जेवण. वारंगुळा म्हणजे बैलांच्या पाळ्या: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मोठा लोखंडी नांगर अशा देवाणघेवाणीच्या आधारावर चालू शकत होता. जुळणी आता सुताराकडून शेजाऱ्याकडे गेली होती. ज्याचं शेजाऱ्यांशी पटत नव्हतं किंवा ज्याला गावाने बाजूला ठेवलं होतं, त्याच्यासाठी मात्र हा नांगर असून नसल्यासारखाच.

ट्रॅक्टरने प्रश्न सुटला?

नांगर आणि ट्रॅक्टर यांना एक यंत्र मानून जोडायची युक्ती हॅरी फर्ग्युसनची. त्याचं तीन बिंदूंचं जोडकाम, ज्याला आपल्याकडे थ्री पॉइंट म्हणतात, ते १९३०च्या दशकात बाजारात आलं. नांगर खेचताना मातीचा जोर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर दाब देतो आणि पकड वाढवतो, हे त्यातलं मर्म. आपल्याकडे महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये ट्रॅक्टर कंपनी काढली. कारखाना कांदिवलीत, म्हणजे मुंबईच्या लोकल गाडीच्या टप्प्यात. पण तो ३५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर सात एकरवाल्याचा नव्हता. त्याने नांगरट भाड्याने करून घ्यायला सुरुवात केली.

आता १५ ते २० एचपीचे लहान ट्रॅक्टर आले आहेत आणि छोटा शेतकरी पुन्हा स्वतःच्या मालकीच्या नांगराकडे वळतो आहे. नवा परवडत नाही म्हणून जुना बघतो. बाजारात जुने म्हणून निघणारे पलटी नांगर बरेचदा ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरमागे चाललेले असतात. तेव्हा परत तेच गणित.

३१५ किलो ओढ ताशी ४ किलोमीटर वेगाने द्यायची तर पाचेक एचपी पुरतात. १५ एचपीच्या इंजिनाची निम्मी ताकद ओढीला मिळते असं धरलं, तरी काम व्हायला हवं. पण होत नाही! कारण इंजिनाच्या आधी चाकं हरतात. ट्रॅक्टर ८०० किलोचा, मागच्या चाकांवर नांगरताना पाचशे किलो भार धरू. मोकळ्या रानात त्याच्या साधारण निम्मी ओढ मिळणार, म्हणजे २५० किलो. हव्या होत्या ३१५. चाकं जागेवर फिरतात, टायर झिजतात, डिझेल जळतं. तेव्हा 'किती एचपीचा' याच्या आधी 'किती वजनाचा' हे विचारायला हवं. मग एकच फाळ, कमी रुंदी किंवा कमी खोली यांतलं काहीतरी पत्करावं लागतं.

बाकी गोष्टी डोळ्यांनी दिसतात. लहान ट्रॅक्टरच्या जोडणीच्या पिना साधारण २२ मिलिमीटरच्या, मोठ्यांच्या २८ च्या, त्यामुळे नांगर बसतच नाही किंवा खुळखुळतो. उजवं चाक तासात चालतं, म्हणून चाकांमधलं अंतर नांगराच्या रुंदीशी जुळावं लागतं. नांगर फार जड असेल तर तो उचलताना पुढची चाकं हलकी होतात. फाळाचं टोक झिजलेलं असेल तर नांगर जमिनीत शिरत नाही, आणि त्या मेकचा फाळ मिळत नसेल तर स्वस्तातला सौदा शेवटी भंगारात.

मग इतिहास काय सांगतो?

माझा मुद्दा एवढाच की नांगर हा कधीच सुटा नव्हता. त्याला ओढणाऱ्याशी जुळवायचं काम कोणालातरी करावंच लागतं. आधी ते सुतार करायचा, मग शेजारी, मग भाड्याचा ट्रॅक्टरवाला. आज जुना नांगर घेणाऱ्या छोट्या शेतकऱ्यावर ते एकट्यावर येऊन पडलं आहे, आणि चुकलं तर नुकसानही त्याचं एकट्याचं. याला नुसती 'यांत्रिकीकरणाची प्रगती' म्हटलं की हा भाग दिसेनासा होतो.

डोंबिवलीत सातारा-सांगलीची माणसं काही कमी नाहीत. यंदा गावी गेलात की आजोबांना, नाहीतर कोणा म्हाताऱ्या माणसाला विचारा: आपला नांगर किती बैलांचा होता, आणि त्यातले बैल आपले किती होते? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात माझं निम्मं प्रकरण आहे.