पैशाची पोच

बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आहे. आम्हा कवींना तो ठाऊक असतो मोरोपंतांमुळे (1729–1794). पंत याच घराण्याच्या आश्रयाला राहून पुराण सांगत. पण नाईक मूळचे सावकार. खुद्द पेशवे त्यांचे कर्जदार होते. 1740 मध्ये थोरले बाजीराव गेले, तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचेच नाव पुढे केले होते.

त्या काळी परगावी पैसा धाडायचा तर रोकड वाटेला लावण्यापेक्षा हुंडी बरी. इथल्या पेढीवर रक्कम भरायची, तिकडच्या पेढीवर चिठ्ठी दाखवून उचलायची. त्यातही शहाजोग हुंडी भरवशाची. ती चोराच्या हाती पडली तरी बाजारात पत असलेल्या माणसाखेरीज कुणाला पैसे मिळत नसत. हुंडी हरवली तर 'पैठ' लिहून मिळे, तीही हरवली तर 'परपैठ'. आज आपण 'शहाजोग' हा शब्द टोमणा मारायला वापरतो. 'हवाला' या अरबी शब्दाचेही तसेच झाले. एकाचे देणे दुसऱ्यावर सोपवणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. आता तो उच्चारला की पोलीस आठवतात!

पण ही सोय पेढीवाल्यांची. मजुराला शहाजोग कोण म्हणणार? तो पैसे कमरेला बांधी, नाहीतर गावी निघालेल्या कुणाच्या हाती देई. वाटेत काही झाले, तर दाद मागायला कागद नसे.

तो कागद पोस्टाने दिला. 1 जानेवारी 1880 पासून मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. पोस्टमन घरी येऊन रोख मोजून देई आणि घेणाऱ्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच पाठवणाऱ्याला परत मिळे. अलीकडे शंभराला पाच रुपये कमिशन पडे. गरिबाला ते जड, तरी लोक मोजत, ते त्या पोचेसाठी. बी.ए.ला असताना मी इंदापूरच्या पोस्टात मजुरांचे फॉर्म भरून देत असे. मजकुराला जागा जेमतेम दोन ओळींची. 'पैसे पाठवले, औषध आणा, काळजी नको.' याहून नेटकी रचना मला पुढे क्वचितच साधली.

बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात मात्र पैशाची वाट उलटी. बीडकडचे मजूर मुकादमाकडून आधी उचल घेतात. पैसा घरी पोचून खर्च होतो, मग माणूस कोयता घेऊन ती फेडायला निघतो. हिशेब मुकादमाच्या वहीत, मजुराच्या हाती पोच नाही. ही उचल बँकेच्या खात्यात आली, तर निदान आकडा दोघांना सारखा दिसेल.

जुनी कागदी मनीऑर्डर 2015 मध्ये बंद झाली. 2016 मध्ये यूपीआय आले. बारामतीच्या एमआयडीसीतला बिहारी मुलगा आता मिनिटात घरी पैसे धाडतो. त्याला मी दोनच गोष्टी सांगतो. पाठवण्यापूर्वी पडद्यावरचे नाव वाच. आणि पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही; कुणी मागितला तर फोन ठेव. फसलाच, तर लगेच 1930 या क्रमांकावर आणि बँकेत कळव.

गावाकडे त्याची आई अजून अंगठाच लावते, फक्त शाईऐवजी यंत्रावर. 'लागला नाही, पुन्हा लावा' असे कुणी म्हणाले, तर आधी खात्यातली शिल्लक बघायला सांगावी आणि छापील पावती हातात घेतल्याशिवाय उठू नये.