हिंगण्याची झोपडी

आपल्या ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधली, मंगल कार्यालये उभारली. त्यांचा गौरव अशा स्मरणिकांतून होतच असतो. परंतु जिला सासर राहिले नाही आणि माहेरही उरले नाही, त्या स्त्रीने रात्री कोठे जावे, याचा विचार जातींच्या सभांनी क्वचितच केला. ज्यांनी केला, त्यांच्या वाट्यास बहुधा बहिष्कारच आला.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. देवरुखच्या बालविधवा गोदूबाई जोशी या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ज्ञातिबांधवांनी त्यांना बहिष्कृत केले; कर्व्यांना घरात थारा देणारे आप्तही वाळीत पडावेत, असा निर्बंध घातला. हे करणारे लोक कोणी दुष्ट नव्हते, तुमच्याआमच्यासारखेच सभा भरवणारे गृहस्थ होते, हे आम्हांस विसरता येत नाही.

त्याच वर्षी सदनातील धर्मांतरांवरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परंतु आश्रयाची गरज काही नाहीशी झाली नाही. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. पुण्यात प्लेगचे थैमान होते. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले, त्यांतून एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे तेथे पायी जात. चिखलाची वाट, वर निधीची विवंचना!

आमच्या मते आश्रमाचे मर्म नुसत्या छपरात नव्हते. तेथे आलेली स्त्री शिकावी आणि स्वतःच्या पायांवर बाहेर पडावी, हा हेतू होता. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी वैधव्यानंतर प्रौढ वयात शिक्षण घेतले, पुढे आश्रमाचा कारभार पाहिला, गावोगाव वर्गणी मागितली, आणि १९१८ साली इंग्रजी बेताचेच असताना त्या अमेरिकेस गेल्या. आश्रित म्हणून आलेली बाई आश्रमाचाच आधार झाली.

आज तो परिसर कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. आमच्या ज्ञातिगृहाच्या मागील दोन खोल्या मात्र लग्नसराई सोडली तर कुलूपबंद असतात. एखाद्या भगिनीस काम मिळेपर्यंत त्या द्याव्यात, अशी सूचना आम्ही यंदाच्या वार्षिक सभेपुढे मांडीत आहोत. भाड्याचे किती बुडेल, तो हिशेब खजिनदारांनी सोबत आणावा.