भूत शोधणाऱ्यांचं घराणं

टीव्हीवर भूत शोधायला निघालेल्या माणसाला एकच प्रश्न विचारावा : या आधी तुमचा धंदा काय होता? उत्तर मिळालं, की त्याच्या तपासाची अर्धी रीत कळते.

अमेरिकेत २००४ साली 'घोस्ट हंटर्स' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातले दोघे मुख्य शोधक, जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन, 'रोटो-रूटर' या कंपनीत प्लंबर होते. दिवसा नळ-गटारांची कामं आणि रात्री झपाटलेली घरं, असा त्यांचा दिनक्रमच कार्यक्रमात दिसायचा. अशा कार्यक्रमांत शोधकाच्या हाती जो मीटर असतो, तो मुळात विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजण्याचा. वायरिंग, फ्रिज, मोटार यांच्याभोवती ते क्षेत्र किती आहे हे पाहण्यासाठी तो बनला. दुरुस्तीच्या पेटीतलं हत्यार अंधाऱ्या खोलीत गेलं आणि त्याचा दिवा लुकलुकला, की 'कुणीतरी आहे' असा अर्थ काढला जाऊ लागला.

ब्रिटनमध्ये त्याआधी, २००२ पासून, 'मोस्ट हाँटेड' चालू होता. त्याची निवेदिका यव्हेट फील्डिंग मुलांच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमातून आलेली, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दचकणं आणि दचकवणं दोन्ही जमणारी. सोबत डेरेक अकोरा हा 'माध्यम', म्हणजे मृतात्म्यांशी बोलतो असं सांगणारा, तरुणपणी फुटबॉल खेळलेला. याच चमूत कियारन ओ'कीफ नावाचे परामानसशास्त्रज्ञ होते. अकोराला माहिती कुठून मिळते, याचा त्यांना संशय आला. त्यांनी एक खोटंच नाव तयार करून त्याच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली : 'क्रीड काफर'. पुढे चित्रीकरणात या क्रीड काफरचं भूत अकोराच्या अंगात आलं. त्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की 'डेरेक फेकर' असं वाचता येतं. २००५ मध्ये ओ'कीफ यांनी हे उघड केलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेनं निर्णय दिला, की हा कार्यक्रम करमणूक आहे, त्याला खरा तपास समजण्याचं कारण नाही.

या मंडळींचा मूळपुरुष हॅरी प्राइस. पोटापाण्यासाठी कागदाच्या व्यापारातली नोकरी करणाऱ्या या गृहस्थानं १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या एका 'झपाटलेल्या' घरातून बीबीसी रेडिओवर थेट कार्यक्रम केला. रात्र, जुनं घर, उपकरणं आणि दूर बसलेला श्रोता, हा सगळा साचा तेव्हाच पडला. पुढे त्यात फक्त चित्र आलं. आपल्याकडे दिल्लीच्या गौरव तिवारींनी याच साच्यातलं काम केलं. अमेरिकेत फ्लोरिडात वैमानिकाचं शिक्षण घेतलेल्या या तरुणानं २००९ मध्ये 'इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी' काढली. टीव्हीवर तो ओळखीचा चेहरा झाला आणि २०१६ मध्ये अकाली गेला.

दुसरी शाखा जादूगारांची. हॅरी हुडिनीनं १९२० च्या दशकात मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांची पितळं उघडी पाडली. जेम्स रँडीनं १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमासाठी चमचे वाकवणाऱ्या युरी गेलरच्या वस्तू आधीपासून बंदोबस्तात ठेवण्याचा सल्ला दिला आणि गेलरची शक्ती त्या दिवशी चाललीच नाही. हातचलाखी करणाऱ्याला दुसऱ्याची हातचलाखी दिसते, एवढं साधं त्यामागचं गणित.

तिसरी शाखा मात्र सातारा-सांगलीत वाढली. तिच्याकडे ना मीटर, ना रात्रीचा कॅमेरा. ती दवाखान्यातून आली.

हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या टापूत भुताचा तपास करणारा माणूस शतकानुशतकं गावातच होता. त्याला कुणी देवऋषी म्हणे, कुणी पंचाक्षरी. पोर तापानं फणफणलं, म्हैस आटली, सून घुमायला लागली, की त्याच्याकडे जायचं. तो तांदळाचे दाणे टाकणार, लिंबू कापणार, अंगारा देणार, उतारा सांगणार. पण त्याच्या कामाचा गाभा यात नव्हता. घरच्यांना हवं असायचं ते एक नाव : हे कुणी केलं? आणि तो ते द्यायचा. बहुतेकदा ते नाव घराबाहेरचं असे. बांधावरून वाकडं असलेला भाऊबंद, शेजारीण, एकटी राहणारी म्हातारी. वाई तालुक्यातल्या मांढरदेवला काळूबाईच्या डोंगरावर झाडांना ठोकलेल्या काळ्या बाहुल्या, लिंबं, चिठ्ठ्या आणि फोटो हे त्याच व्यवहाराचं दुसरं टोक. ज्याचं वाईट व्हायचं तो कोण, हे खिळा मारून सांगितलेलं.

या देवऋषीला प्रश्न विचारणारेही याच मातीत निघाले. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटकात एका शेतकरी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुटणारा जोशी रंगवला. सत्यशोधक विचारात वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. त्यांचे स्नेही गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करायचे आणि सवाल जास्त टाकायचे. समोरच्या अडाणी माणसाच्या तोंडूनच उत्तर वदवून घ्यायचं, ही त्यांची हातोटी. पुढे भानामतीच्या घरात बसून प्रश्न विचारणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यानं ती उचललेली दिसते.

मधला दुवा केरळातून आला. तिरुवल्ल्यात १८९८ मध्ये जन्मलेले अब्राहम कोवूर हे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. नोकरी श्रीलंकेत केली आणि १९५९ मध्ये निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ भुताखेतांच्या मागे लागले. १९६३ मध्ये त्यांनी २३ चमत्कारांची यादी जाहीर केली आणि त्यातला एक जरी फसवणुकीविना करून दाखवला तर एक लाख रुपये देऊ केले. घरात दगड पडतात, कपडे पेटतात अशा तक्रारींवर ते प्रत्यक्ष घरी जात, एकेकाशी बोलत, संमोहनाचाही उपयोग करत. त्यांच्या टिपणांतल्या एका प्रकरणावर १९७२ मध्ये 'पुनर्जन्मम्' हा मल्याळम चित्रपटही निघाला. कोवूर १९७८ मध्ये गेले. त्यांचं आव्हान कोळिकोडच्या बी. प्रेमानंदांनी पुढे चालवलं. बाबा-बुवांचे चमत्कार भर चौकात स्वतः करून दाखवायचे आणि लगेच त्यामागची युक्ती सांगायची, हा त्यांचा प्रयोग देशभर पोचला.

महाराष्ट्रात श्याम मानवांनी नागपूरहून १९८२ मध्ये हे काम संघटनेच्या पातळीवर सुरू केलं. त्यात पुढच्याच वर्षी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आले. जन्म साताऱ्याचा, १ नोव्हेंबर १९४५. दहा भावंडांतले धाकटे. शाळा साताऱ्यात, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, एमबीबीएस मिरजेचं. म्हणजे घडण पूर्णपणे या दोन जिल्ह्यांतली. कबड्डीत शिवाजी विद्यापीठाचे कर्णधार आणि बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळलेले. सुमारे बारा वर्षं दवाखाना चालवल्यावर त्यांनी स्वतःला या कामाला वाहून घेतलं आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. 'अंनिस' या नावानं ती घरोघरी माहीत झाली, आणि तिचं 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र' सांगलीहून निघू लागलं.

समितीचा एक हात प्रेमानंदांकडून आलेला आहे, तो चमत्कारांच्या प्रयोगांचा. शाळेच्या पटांगणात कार्यकर्ता भगवी कफनी घालून बसतो. समोर समिधा. त्यावर आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड टाकलेली, विहिरीत औषध म्हणून टाकतात तीच. हातात तुपाची वाटी, आत मात्र ग्लिसरीन. ते ओतलं, की लगेच काही होत नाही. क्षण-दोन क्षण जातात, धूर येतो, मग एकदम भडका उडतो. मधल्या वेळात मंत्र म्हणायचा. मंत्र किती लांब असावा, हे ग्लिसरीन ठरवतं. पोरं टाळ्या वाजवतात, मग कार्यकर्ता कफनी काढून शर्टावर उभा राहतो आणि त्यातल्याच एका पोराला पुढे बोलावून तोच 'यज्ञ' त्याच्या हातून करवून घेतो. लिंबातून रक्त निघतं तेही असंच : सुरीच्या पात्याला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो, लिंबाचं आम्ल लागलं की तो लाल होतो.

दुसरा हात भानामतीच्या शोधाचा, आणि खरी कुळकथा इथे आहे. वस्तीवरचं घर. दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, पत्र्यावर दगड पडतात, पिठात शेण निघतं, कुणाच्या अंगावर फुल्या उमटतात. अंगणात निम्मा गाव लोटलेला. डॉक्टर पेशंटसमोर बसला की आधी हिस्ट्री घेतो : कधीपासून, आधी काय झालं, कशानं वाढतं, घरात आणखी कुणाला आहे. समितीचे लोक तेच करतात. पहिल्यांदा गर्दी हटवतात. मग घरातल्या प्रत्येकाला एकेकटं बसवून विचारतात. पहिला प्रकार कुठल्या दिवशी घडला? त्याच्या आदल्या आठवड्यात घरात काय झालं होतं? आग सगळ्यात आधी कुणी पाहिली? दगड पडले तेव्हा कोण बाहेर होतं? कुणी परगावी गेलं तेव्हा प्रकार थांबले का? हे प्रश्न कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नसतात. प्रत्येक घटनेच्या वेळी हजर असलेला माणूस हळूहळू या उत्तरांतून पुढे येतो.

बहुतेक प्रकरणांत तो घरातलाच निघतो. शाळा सोडायला लावलेली मुलगी, सासरी घुसमटलेली सून, दुसऱ्या आईच्या हाताखालचा पोरगा. तोंडानं सांगता येत नाही ते हातानं घडतं. कधी कळून-सवरून, कधी अर्धवट भान हरपून. त्या व्यक्तीशी एकांतात बोलणं होतं. तिला जे हवं आहे त्यातलं काय मिळू शकेल, हे घरातल्या जाणत्या माणसाशी बोलून ठरतं. गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. प्रकार थांबतात. आणि समितीचा एक नियम इथे पाळला जातो : हे कोण करत होतं, त्याचं नाव गावाला सांगायचं नाही. दाभोलकरांनी प्रा. माधव बावगे यांच्यासोबत 'मती भानामती' हे पुस्तक लिहिलं, ते याच कामातून.

तिन्ही रीती शेजारी ठेवून पाहाव्यात. देवऋषी घराबाहेरचं नाव काढतो आणि ते चावडीवर सांगतो, कारण त्याची मिळकत त्या नावावर आहे. टीव्हीवाला माणसाकडे बघतच नाही. तो जागेकडे बघतो : वाडा, जिना, विहीर. जागा कधी कबुली देत नाही, म्हणून पुढचा भाग काढता येतो. दाभोलकरांची रीत घरातल्या माणसाकडे बघते, नाव शोधते आणि झाकून ठेवते. दुखणं कळलं म्हणून पेशंटचं नाव फळ्यावर लिहायचं नसतं, ही डॉक्टरकीतली शिस्त तशीच्या तशी इकडे आली.

त्यामुळे या रीतीचा टीव्हीशी फार काळ संसार होणं अवघडच होतं. टीव्हीला मानवतो तो आव्हानाचा भाग. ३ मार्च २००८ रोजी 'इंडिया टीव्ही'वर एका तांत्रिकानं केवळ मंत्रानं माणूस मारता येतो असा दावा केला आणि बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू त्याच्यापुढे जाऊन बसले. कार्यक्रम तासन् तास लांबला, देशभर लोकांनी पाहिला, आणि एडामरुकू हसत उठले. त्याचा उपयोग झालाच. पण त्या रात्री समोर ना पेटलेले कपडे होते, ना घुसमटलेली सून.

दाभोलकर अठरा वर्षं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. आठवड्याच्या आत सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. १० मे २०२४ रोजी न्यायालयानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले.

कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्यं आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्यातलं एक कृत्य असं : अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो, असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं. म्हणजे देवऋषीच्या धंद्याचा जो गाभा, बाहेरचं नाव काढून देणं, तोच गुन्हा ठरला. कायदा आला म्हणून मांत्रिक संपला, असं मात्र झालं नाही. जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊजण मृत सापडले. सुरुवातीला आत्महत्या वाटली, पण गुप्तधनाच्या नादातून मांत्रिकानं विष दिल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला.

दाभोलकरांनंतर मुलगा हमीद मनोविकारतज्ज्ञ म्हणून आणि मुलगी मुक्ता वकील म्हणून याच कामात आहेत. घराण्याच्या या शाखेत प्लंबर, निवेदक, वैमानिक असे धंदे शिरले नाहीत. शिरले ते शिक्षक, डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ आणि वकील. भूत कुठे राहतं यावर यांच्यापैकी कुणाचीच कारकीर्द उभी नाही. घरातल्या कुणाचं काय दुखतंय, यावर आहे. ते दुखणं बरं झालं, की त्या घराकडे परत फिरकायचं कारण उरत नाही, आणि त्याचा पुढचा भागही निघत नाही.